गरज संपली, काम संपलं नाही

आमच्या मुकुंदवाडीत बचत गटाच्या बायका जमल्या, की एक विषय हमखास निघतो. एखादी बाई वीस वर्षांपासून शिवणकाम करतेय, पापड-कुरडया विकतेय किंवा पोळीभाजीचे डबे देतेय. सुरुवात केली तेव्हा घरात खरंच चणचण होती. चिकलठाण्याच्या एमआयडीसीतली नवऱ्याची नोकरी गेलेली, मुलांची फी थकलेली, किराणा दुकानदाराची वही भरत आलेली. आता मुलं हाताशी आली, कुणी नोकरीला लागलं, घरावर स्लॅब पडला. मग घरचेच म्हणू लागतात, की आता कशाला हा व्याप? गरज संपली ना! बाई गप्प बसते. तिला काम सोडायचं नसतं, पण का सोडायचं नाही याचं उत्तर तिला देता येत नाही. पैशाची हाव असेल, घरात मन रमत नसेल, सुनेशी पटत नसेल... लोक आपापल्या परीने अर्थ लावतात.

या प्रश्नाचं उत्तर मला बी.ए.ला असताना शिकलेल्या मानसशास्त्रात सापडतं. गॉर्डन ऑलपोर्ट नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. माणसाचा स्वभाव कशाचा बनतो आणि त्याला काम करायला आतून कोण लावतं, या दोन प्रश्नांवर त्यांनी आयुष्यभर विचार केला. परंतु परीक्षेपुरतं पाठ केलेलं डोक्यात राहत नाही. मला ऑलपोर्ट खरे कळले ते आपल्या धोंडो केशव कर्व्यांचं चरित्र वाचताना. या दोघांची कधी भेट झाल्याचं माझ्या वाचनात नाही. तरी अण्णांचं आयुष्य म्हणजे ऑलपोर्टच्या सिद्धान्ताचं चालतंबोलतं उदाहरण आहे, असं मला वाटतं. म्हणून आज ही दोन माणसं एकत्र.

आधी ऑलपोर्टची थोडी ओळख. जन्म 1897 चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. आई शाळेत शिकवायची, वडील डॉक्टर. घर आणि दवाखाना एकच, त्यामुळे रुग्ण आणि परिचारिका यांच्यातच मुलं वाढली. 1920 साली, बावीस वर्षांचा असताना, हा तरुण व्हिएन्नाला सिग्मंड फ्रॉइड यांना भेटायला गेला. एवढ्या मोठ्या माणसासमोर काय बोलावं ते सुचेना. मग वाटेत ट्राममध्ये पाहिलेला प्रसंग त्याने सांगितला. एक लहान मुलगा होता, त्याला घाणीची फार किळस. ही जागा मळकी, तो माणूस मळका, असं त्याचं चाललेलं. शेजारी त्याची कडक इस्त्रीतली, टापटीप आई बसलेली. ऑलपोर्टला वाटलं, आईचा परिणाम मुलावर दिसतोय, सरळ गोष्ट आहे. पण फ्रॉइड यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तो लहान मुलगा म्हणजे तूच का, असं विचारलं. ऑलपोर्ट चक्रावले. प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी काहीतरी दडलेलं, बालपणातलं, दुखरं कारण शोधायचंच का? माणसाला सरळ विचारलं, तर तो आपल्या मनातलं सांगू शकत नाही का? हा प्रश्न त्यांनी पुढे जन्मभर सोडला नाही.

नंतर हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी व्यक्तिमत्त्व हा विषय शिकवायला सुरुवात केली. 1936 मध्ये हेन्री ओडबर्ट या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक किचकट काम केलं. इंग्रजीचा भला मोठा शब्दकोश घेतला आणि माणसामाणसांतला फरक सांगणारे शब्द वेचून काढले. ते भरले 17,953. त्यातले तात्पुरत्या मनःस्थितीचे, नुसत्या निंदास्तुतीचे शब्द वेगळे केल्यावर टिकाऊ स्वभाव सांगणारे साधारण साडेचार हजार उरले. आपण तरी स्वयंपाकघरात, ओट्यावर, नळावर दुसरं काय करतो? ही चिवट, ती तोंडाळ, तिसरी मायाळू. तेच काम त्यांनी शास्त्राच्या शिस्तीत केलं.

स्वभावाच्या या धाग्यांना आपल्याकडच्या पुस्तकांत गुणविशेष म्हणतात. ऑलपोर्टनी त्यांच्या तीन पायऱ्या केल्या. पहिला प्रधान गुण. सगळं आयुष्य व्यापून टाकणारा, बघावं तिथे दिसणारा. असा एकच प्रबळ गुण फार थोड्या लोकांत असतो. दुसरे केंद्रीय गुण. एखाद्या माणसाबद्दल प्रामाणिकपणे शिफारसपत्र लिहायचं तर जे पाच-दहा शब्द आपण लिहू, ते हे. आणि तिसरे दुय्यम गुण, म्हणजे आवडीनिवडी, विशिष्ट प्रसंगी दिसणारं वागणं. एरवी शांत असलेली बाई रांगेत कुणी मध्ये घुसलं की खवळते, तसं काहीतरी.

आता अण्णांकडे वळू.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवलीचा. बालपण गेलं मुरुडला. घरची गरिबी. मुलगा लहानखुरा, अतिशय लाजाळू, चारचौघांत तोंड उघडायला घाबरणारा. गावातल्या सोमण गुरुजींमुळे वाचनाची गोडी लागली. 1875 च्या सुमारास, सतरा वर्षांचा असताना, एका परीक्षेसाठी तो मुरुडहून साताऱ्याला निघाला. बोट मिळेना, म्हणून पावसात, घाट चढून, चालत. शंभराहून जास्त मैलांची ती वाट होती. पोहोचल्यावर साहेबांनी मुलाकडे पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा वाटत नाही म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. जवळ वयाचा दाखला असून उपयोग झाला नाही. तो आला तसा परत गेला आणि नंतर ती परीक्षा दुसऱ्या ठिकाणी देऊन पास झाला.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. यात आरडाओरडा नाही, भांडण नाही, सूड नाही. अडवलं, तर दुसऱ्या वाटेने जायचं, पण जायचं. अण्णांच्या पुढच्या सत्त्याऐंशी वर्षांत हेच पुन्हा पुन्हा दिसतं. ऑलपोर्टच्या भाषेत हा त्यांचा प्रधान गुण म्हणता येईल. चिकाटी हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण चिकाटीत थोडी आक्रमकता येते. अण्णांचं होतं ते मुंगीचं चालणं.

मुंबईत शिकवण्या करत करत त्यांनी शिक्षण पूर्ण केलं. 1884 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले. लग्न त्या काळाप्रमाणे लहानपणीच झालेलं होतं, राधाबाईंशी. मुलगा रघुनाथ 1882 चा. मुंबईत मुलींच्या शाळांतून ते गणित शिकवत. 1891 मध्ये राधाबाई गेल्या. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावणं आलं.

तेहतिशीच्या विधुराला मुलींची काही कमतरता नव्हती. त्या काळी त्या वयाचा पुरुष अकरा-बारा वर्षांच्या मुलीशी बिनदिक्कत लग्न करायचा आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. अण्णांनी ठरवलं, की करायचं तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई मूळची देवरूखची. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. म्हणजे नवरा काय, संसार काय, हे कळायच्या आत जन्मठेप. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदासदन काढलं, तेव्हा तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून गोदूबाई दाखल झाल्या. 11 मार्च 1893 ला पुण्यात त्यांचा आणि अण्णांचा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या बाया कर्वे.

मुरुडने अण्णांवर बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी ते मुंबईहून मिळकतीतला वाटा बाजूला काढून फंड जमवत होते, त्याच गावाने. गावात राहणाऱ्या आईला आणि भावालाही त्याची झळ बसली.

इथपर्यंतची गोष्ट फ्रॉइडच्या पद्धतीनेही सांगता येते. पत्नी गेल्याचं दुःख, एकटेपणा, मित्राच्या बहिणीबद्दलची कणव. लग्न झालं, संसार परत उभा राहिला. म्हणजे मूळ कारण संपलं. मग अण्णांनी तिथेच थांबायला हवं होतं, नाही का? कॉलेजची नोकरी होती, समाजाशी तह करून निवांत राहता आलं असतं. झालं उलटंच. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. फिरताना त्यांच्या लक्षात आलं, की विधवेला आधी लग्न नको आहे, आधी स्वतःच्या पायावर उभं राहायला पाहिजे. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला. जवळची हजार रुपयांची शिल्लक अण्णांनी त्यात घातली. पुढे पुण्यात प्लेगने थैमान घातलं, तेव्हा आश्रम शहराबाहेर न्यायची वेळ आली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. 1900 साली तिथे एक झोपडी उभी राहिली.

हिंगणं आज पुण्यात कधीच मिसळून गेलंय. तेव्हा ते चार मैलांवरचं माळरान होतं, धड रस्ताही नव्हता. अण्णा दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे, संध्याकाळी आश्रमाचं सामानसुमान घेऊन चालत हिंगण्याला जायचे आणि सकाळी परत शहरात यायचे. पावसाळ्यात चिखल, अंधार, हातात ओझं. वाटेत टवाळी करणारे असायचे ते वेगळेच. हा क्रम एक-दोन दिवसांचा नव्हता, दोनेक वर्षं चालला.

मैत्रिणींनो, ऑलपोर्टचा सगळ्यात महत्त्वाचा विचार इथे येतो. 1937 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तो सविस्तर मांडला. त्याला कार्यात्मक स्वायत्तता असं जडसं नाव आहे, पण अर्थ सोपा आहे. माणूस एखादं काम ज्या कारणाने सुरू करतो, त्याच कारणाने ते पुढे चालू ठेवतो असं नाही. सुरुवातीला काम हे साधन असतं. पैशासाठी, भीतीने, कुणाला बरं वाटावं म्हणून केलेलं. हळूहळू ते काम माणसाच्या स्वत्वाचा भाग होतं आणि स्वतःच स्वतःची प्रेरणा बनतं. मूळ कारण गळून पडलं तरी काम उभं राहतं. वडाची पारंबी जमिनीला टेकली, तिचं खोड झालं, की मूळ खोड पोकळ झालं तरी झाड पडत नाही. तसंच हे. म्हणून मोठ्या माणसाचं वागणं समजून घ्यायचं तर त्याच्या लहानपणी काय झालं एवढंच उकरत बसू नये. तो आज कशासाठी जगतोय आणि उद्या काय करायचं ठरवतोय, हे बघावं, असं ऑलपोर्टचं म्हणणं.

यात एक मेख आहे. प्रत्येक सवय म्हणजे अशी प्रेरणा नव्हे. दारूचं व्यसनही मूळ कारण संपल्यावर चालूच राहतं. ऑलपोर्टनी त्यात दोन प्रकार केले. एक, नुसती यांत्रिक पुनरावृत्ती, शरीराला आणि हाताला लागलेली सवय. दुसरा, जो माणसाच्या मूल्यांशी आणि स्वतःबद्दलच्या कल्पनेशी जोडलेला असतो, वाढत जातो, नवं रूप घेतो. फरक ओळखायचा कसा? माझ्या मते अण्णांच्या आयुष्यात तो लख्ख दिसतो. व्यसन तेच ते करत राहतं. अण्णांचं काम दर काही वर्षांनी मोठं होत गेलं.

बघा ना. आश्रम विधवांसाठी होता. मग सगळ्याच मुलींना शिकायला मिळावं म्हणून 1907 मध्ये महिला विद्यालय निघालं. काम करणारी माणसं निरपेक्ष हवीत म्हणून 1908 मध्ये निष्काम कर्ममठ. 1914 ला फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. त्या सुमारास जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका हाती आली आणि 1916 मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी हिंगण्यात भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं. आपल्याकडे अठ्ठावन्न हे नोकरी संपून नातवंडं खेळवायचं वय! पहिल्या वर्षी विद्यार्थिनी किती, तर पाच. शिक्षणाचं माध्यम मातृभाषा. सरकारची मान्यता नाही, पैसा नाही. दारोदार फिरून, अगदी लहान वर्गण्यासुद्धा आनंदाने घेऊन ते चालवलं. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आपण ज्याला एस.एन.डी.टी. म्हणतो, ते हेच.

तरी अण्णा थांबले नाहीत. 1929 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांना भेटले. त्यानंतर आफ्रिकेत जाऊन तिथल्या हिंदी लोकांना विद्यापीठाची माहिती देत, मदत मागत फिरले. 1936 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाहीत तिथे शाळा काढण्यासाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. 1944 मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद मिटावा म्हणून समता संघ. 1955 मध्ये पद्मविभूषण, 1958 मध्ये शंभरी आणि भारतरत्न. 9 नोव्हेंबर 1962 ला, एकशे चार वर्षांचे होऊन ते गेले.

ज्या दुःखातून हे सगळं सुरू झालं, ते 1891 चं. त्याला सत्तर वर्षं होऊन गेली होती. इतक्या जुन्या दुःखाच्या जोरावर कुणी जन्मभर काम करत राहत नाही. काम केव्हाच स्वतःच्या पायावर उभं राहिलं होतं. अगदी हिंगण्याच्या मुलींसारखं.

अण्णांचे केंद्रीय गुण लिहायचे तर मी काय लिहीन? लाजाळूपणा, काटकसर, हिशेबातला चोखपणा, मवाळ बोलणं, वक्तशीरपणा, टीका गिळण्याची ताकद. यातला लाजाळूपणा पाहून मला नवल वाटतं. ज्याला चारचौघांत बोलता येत नाही, त्याने जन्मभर लोकांसमोर झोळी पसरली! ऑलपोर्टचं उत्तर असं, की गुण सुटे सुटे नसतात. ते एकमेकांत गुंफलेले असतात आणि प्रत्येक माणसाची गुंफण निराळी. लाजाळूपणा अण्णांमधून गेला नाही, पण प्रधान गुणापुढे त्याला जागा करून द्यावी लागली. शिवाय हाच बुजरेपणा उपयोगीही पडला. मोठमोठी भाषणं न करणाऱ्या माणसावर लोकांचा विश्वास बसला.

ही गुंफण किती निराळी असू शकते, हे त्यांच्याच घरात दिसतं. थोरला मुलगा रघुनाथ, म्हणजे र. धों. कर्वे. 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे, 1927 पासून समाजस्वास्थ्य हे मासिक चालवणारे. त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले झाले, पण गडी हटला नाही. चिकाटी बापाचीच. पण बाप कुणाला न दुखवता पाऊल पुढे टाकायचा, तर मुलगा सडेतोड लिहून वादळ अंगावर घ्यायचा. आपण दोघांनाही चिवट म्हणू आणि एका रकान्यात टाकू. ऑलपोर्ट म्हणतील, थांबा. तुलनेसाठी असे समान गुण मानायला हरकत नाही, पण प्रत्यक्षात प्रत्येकाची चिकाटी ही त्याची एकट्याची असते. म्हणून हजार माणसांची सरासरी काढली तरी एक माणूस पुरता कळत नाही. त्या एकाचीच पत्रं, रोजनिशी, आत्मचरित्र वाचावं लागतं. 1965 मध्ये त्यांनी जेनी या टोपणनावाच्या एका सामान्य, एकाकी आईची पत्रं प्रसिद्ध केली. तिने लिहिलेली 301 पत्रं! छत्तीस जणांना ती वाचायला देऊन तिच्या स्वभावाचे शब्द लिहायला सांगितले. शब्द आले 198, पण सारखे सारखे एकत्र केल्यावर उरले आठच मुख्य गुण. राजा नाही, सेनापती नाही, एका म्हाताऱ्या आईचा स्वभाव शास्त्राने एवढ्या बारकाईने पाहिला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता बायांविषयी बोलल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. प्रधान गुण ज्या माणसात असतो, त्याच्या शेजारी राहणं सोपं नसतं. अण्णांनी शिल्लक आश्रमाला दिली, विम्याची पॉलिसीही दिली. संध्याकाळी घरी असायचे नाहीत. मुलं, आजारपणं, पाहुणे, किराणा, हे कुणी निस्तरलं? बायांनी. त्यांची हकीगत माझे पुराण या नावाने 1944 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यात नवऱ्याबद्दलचा आदर आहे आणि रागही आहे, दोन्ही न लपवता. थोर माणसाची बायको म्हणून त्या नुसत्या मिरवल्या नाहीत. स्वतः मेहनत करून त्यांनी घर ओढलं, आणि वर आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या. त्यांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात आल्या, शिकल्या आणि संस्थेसाठी निधी जमवत पुढे थेट अमेरिकेपर्यंत गेल्या.

माझ्या दृष्टीने कार्यात्मक स्वायत्ततेचं अण्णांइतकंच, कदाचित काकणभर सरस उदाहरण म्हणजे या दोघी बहिणी. अण्णा पुरुष होते, पदवीधर होते, ते काम निवडू शकत होते. या दोघींनी सुरुवातीला काही निवडलं नव्हतं. वैधव्य लादलेलं, आश्रय नाइलाजाचा. शारदासदन असो वा हिंगणं, पोटापाण्याची आणि मानाने जगण्याची सोय एवढाच आधी त्याचा अर्थ. पण नाइलाजाने धरलेल्या त्या वाटेवर त्यांनी स्वतःचं म्हणून एक जगणं उभं केलं. सुरुवात नाइलाजाची होती म्हणून पुढचं सगळं नाइलाजाचंच, असं कुणी म्हणू शकेल का?

ऑलपोर्टच्या विचारांवर टीकाही झाली आहे, तीही सांगायला हवी. साधन हे साध्य कसं बनतं, नेमक्या कोणत्या क्षणी मूळ कारण गळून पडतं, हे ते पुरेसं उलगडून दाखवत नाहीत, असा आक्षेप घेतला गेला. शिवाय 1968 मध्ये वॉल्टर मिशेल यांनी दाखवून दिलं, की माणूस स्वभावाप्रमाणे वागतो तितकाच परिस्थितीप्रमाणेही वागतो. घरी भित्री वाटणारी बाई मोर्चात सगळ्यांच्या पुढे असते, हे आपण बघतोच. तरी शब्दकोशातून वेचलेल्या त्या शब्दांच्या यादीचं काम वाया गेलं नाही. पुढच्या संशोधकांनी ती चाळत चाळत पाच मोठ्या गुणगटांपर्यंत आणली आणि आज जगभर व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांत त्या पाच गटांचा आधार घेतला जातो. 1967 मध्ये ऑलपोर्ट गेले. त्याआधी 1954 मध्ये त्यांनी पूर्वग्रहांवरचा एक मोठा ग्रंथ लिहिला होता. एखाद्या समाजावर एकदा शब्दाचा शिक्का बसला, की त्या समाजातला जिताजागता माणूस दिसेनासा होतो, हे त्यात त्यांनी दाखवलं.

विधवा हा शब्द तरी दुसरं काय होता? आठ वर्षांच्या गोदूवर एक शिक्का बसला आणि तिच्यातली हुशारी, विनोदबुद्धी, तापटपणा, कष्टाळूपणा हे सगळं त्याखाली झाकलं गेलं. अपशकुनी, पांढऱ्या पायाची असे शब्द आमच्या भागात अजून पुरते मेलेले नाहीत. हळदी-कुंकवाला नवरा गेलेल्या मैत्रिणीला बोलवायचं, तर अजून कुणाच्या तरी कपाळावर आठी येते. हे शब्द तिचे गुणविशेष नव्हेत. तिच्यावर आलेला तो एक प्रसंग आहे.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. आपल्या गटातल्या प्रत्येकीबद्दल, घरातल्या सासूबद्दल, सुनेबद्दल, मुलीबद्दल शिफारसपत्र लिहायचं आहे असं समजून पाच-सात शब्द कागदावर लिहा. आळशी, हट्टी, तोंडाळ हे पहिले सुचतील. ते बाजूला ठेवा, कारण त्यांत आपला रागच जास्त असतो. मग ती रोज न सांगता काय करते, अडवल्यावर कुठून वाट काढते, कोणत्या कामात तहानभूक विसरते, ते आठवा. खरे शब्द तिथे सापडतात. आणि एखादीच्या कागदावर शिवणयंत्र, डबे, बालवाडी किंवा गटाची हिशेबवही हेच पुन्हा पुन्हा येत असेल, तर गरज संपली आता बस कर, असं तिला सांगायच्या आधी अण्णांची वयं आठवा. अठ्ठावन्न, एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, शहाऐंशी. फार तर तिच्या हातातलं ओझं आपण थोडं वाटून घ्यावं. बायांना ते कुणी वाटून घेतलं असतं, तर त्यांच्या पुराणातली काही पानं नक्कीच वेगळी झाली असती.